वरच्या नळीतला गोळा

वेंदेलिनला काहीही शिकवायला घेतलं की तो मान डोलावतो. हे मान डोलावणं फार फसवं असतं. ज्या मुलाला कळलेलं नसतं ते प्रश्न विचारतं, नाहीतर खिडकीबाहेर बघतं. मग शिक्षकाला समजतं की पुन्हा पहिल्यापासून सांगायला हवं. मान डोलावणाऱ्याचं काय करायचं, हे मला शाळेतून निवृत्त होईपर्यंत उमगलं नाही. आणि निवृत्तीनंतर दैवाने सख्खा मेव्हणाच विद्यार्थी म्हणून पुढ्यात आणून बसवला.

झालं असं होतं. गेल्या हिवाळ्यातल्या हाक्यात, म्हणजे आरडाओरडा करून जनावरं शिकाऱ्यांसमोर आणतात त्या शिकारीत, वेंदेलिनने एक रानडुक्कर जखमी केलं. मारलं नाही, जखमी केलं. ते काटेरी झुडपांत घुसलं आणि त्याचा माग काढायला हेडविकाची कुत्री ओर्ता आत गेली. डुकराने तिची कूस फाडली. कुत्री वाचली, पण थंडी पडली की अजूनही मागचा पाय ओढत चालते. डुक्कर काही सापडलं नाही.

हेडविका आमच्या शिकार मंडळातली एकटीच अशी, की जिच्याकडे शिकवलेली, माग काढणारी कुत्री आहे. अशी कुत्री हजर नसेल तर आमच्याकडे हाका करताच येत नाही. त्यामुळे शरद ऋतूतल्या बैठकीत ती उभी राहिली, तेव्हा खानावळीतल्या सगळ्यांनी बिअरचे पेले खाली ठेवले.

"ओढ्याच्या वळणावर वेंदेलिन उभा राहणार असेल, तर मी त्या दिवशी घरी बसून मोजे विणेन," ती म्हणाली. "तुम्हीच भुंका आणि तुम्हीच वास घ्या."

"अगं, एकदाच तर झालं," वेंदेलिन म्हणाला.

"कुत्रीलाही एकच कूस आहे. म्हणजे दोन आहेत, पण दुसरी मी तुझ्यासाठी राखून ठेवलेली नाही."

अध्यक्ष स्लावोमीर हा सुतार आहे आणि त्याला प्रत्येक गोष्ट मापून हवी असते. त्याने तिथल्या तिथे ठरवलं: पस्तीस पावलांवर ताटलीएवढा कागद लावायचा. वेंदेलिनने त्याच्या त्या जोडबंदुकीच्या वरच्या नळीतून तीन गोळे मारायचे. तिन्ही कागदात बसले तर नाका, म्हणजे ओढ्याच्या वळणावरची उभं राहायची जागा, त्याचा. एक जरी बाहेर गेला तर नाका दुसऱ्याला. आणि पास होऊनही पुन्हा निष्काळजीपणाने जनावर जखमी केलं, तर नाका गेलाच म्हणून समजायचं.

"पण याला शिकवणार कोण? आणि हमी कोण देणार?" कोणीतरी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. शनिवारी मी गावातल्या मुलांना पक्ष्यांच्या हाका आणि प्राण्यांचे ठसे ओळखायला शिकवतो. त्यावरून सगळ्यांची समजूत झाली आहे की मी कोणालाही काहीही शिकवू शकतो.

ओढ्याच्या वळणावरचा तो नाका म्हणजे वेंदेलिनचा जीव. त्याचे वडील तिथेच उभे राहायचे. तिथे ओढा वळतो, नेचे कमरेपर्यंत वाढलेले असतात आणि डुक्कर दिसतं ते अगदी तोंडासमोर आल्यावर. वर्षभर वेंदेलिन लाकडं फोडतो, ससे पाळतो, शेजाऱ्यांशी भांडतो; पण खरा जगतो तो हिवाळ्यातल्या त्या चार-पाच शनिवारी. हे त्याची बहीण ओतिलिया, म्हणजे माझी बायको, पुरतं ओळखून आहे. बैठकीहून घरी आलो तेव्हा ती कणकेचे गोळे उकडत होती.

"तू याला पास करशील ना?" तिने विचारलं.

"पास मी करत नाही. कागद करतो."

"मास्तरकी दाखवू नकोस. नाका गेला तर वेंदा रोज इथे येऊन बसेल. रोज! विचार कर."

मी विचार केला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावलं.

आता बंदुकीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. वेंदेलिनची बंदूक दोन नळ्यांची आहे, एकीवर एक. खालची नळी आतून पिळाची, तिच्यातून बारीक आणि वेगवान गोळी लांबवर जाते. वरची नळी आतून गुळगुळीत, छर्ऱ्यांची. पण त्या छर्ऱ्यांच्या नळीत छर्ऱ्यांऐवजी अंगठ्याएवढा शिशाचा एकच गोळा असलेलं काडतूसही चालतं. डुकरासाठी आम्ही तेच वापरतो, तेही जवळून. पुढचा चाप वरच्या नळीचा, मागचा खालच्या नळीचा. बंदूक मध्ये मोडून उघडते, काडतुसं भरायची, मिटायची. इतकं सोपं आहे. मेख एकच आहे. नळ्या दोन असल्या तरी नेम धरायची माशी एकच असते, आणि ती सहसा एकाच नळीशी जुळवलेली असते. दुसऱ्या नळीतला गोळा कुठे जातो हे ज्याचं त्याने कागदावर मारून बघायचं असतं. एवढंच नाही, काडतुसाची जात बदलली की गोळ्याची वाटही बदलते. हे मी दहा वर्षांच्या मुलांना सांगितलं आहे आणि त्यांना पहिल्या फटक्यात कळलं आहे.

"कळलं?" मी वेंदेलिनला विचारलं.

त्याने मान डोलावली.

"मग गेल्या वर्षी तू कुठली काडतुसं वापरलीस?"

"दुकानातली. लाल प्लास्टिकची."

"आणि ती कागदावर मारून पाहिली होतीस?"

"कशाला? माझी बंदूक सरळ मारते. वडिलांनी कारागिराकडून दोन्ही नळ्या माशीशी जुळवून घेतल्या होत्या."

"वरची कुठल्या काडतुसांवर जुळवली होती?"

आता त्याचा चेहरा उजळला. त्याने कोटाच्या खिशातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यावर कधीकाळी लिंबाच्या गोळ्यांचं चित्र असावं. आत, त्याच्या आईच्या भरतकाम केलेल्या रुमालात, आठ-दहा काडतुसं होती. पिवळट कागदी खोळीची, पितळी बुडाची. त्या खोळींवरची अक्षरं बोटांनी पुसट झाली होती.

"यांच्यावर," तो म्हणाला. "आता हा कारखानाच राहिला नाही. उरली ती एवढीच."

"मग हीच वापरायचीस ना!"

"ही?" त्याने डबा लगेच मिटला. "संपतील की!"

मी ओतिलियाकडे पाहिलं. तिने कणकेचे गोळे पाण्यातून काढायला सुरुवात केली. तिच्या माहेरी चांगल्या कपबशा कपाटात ठेवायच्या आणि कान तुटलेल्या कपात कॉफी प्यायची अशी रीत आहे. त्यांच्या आईने नवी गादी आजारपणासाठी राखून ठेवली होती. मेली ती जुन्या गादीवर.

"वेंदेलिन, म्हणजे जी काडतुसं तुझ्या बंदुकीला जुळतात ती तू वापरत नाहीस. आणि जी वापरतोस ती कुठे जातात ते तुला माहीत नाही."

"असं म्हटलं तर कोणीही मूर्खच ठरेल," तो दुखावून म्हणाला.

"मग दुसऱ्या तऱ्हेने तू म्हणून दाखव."

त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "वास छान येतोय. वाढतेस का, ओतिलिया?"

जुन्या खाणीत आमचं नेमबाजीचं मैदान आहे. मागे दगडाचा कडा आणि त्याच्यापुढे मातीचा उंच बांध. मी कागद लावला, पस्तीस पावलं मोजली, वाळूची पिशवी ठेवली. मी पावलं मोजताना वेंदेलिन माझ्या पायांकडे बघत होता.

"तुझी पावलं आखूड आहेत, मास्तर. शाळेच्या वऱ्हांड्यातली पावलं आहेत ही."

"मग तू मोज."

त्याने मोजली. तेवढ्याच अंतरात त्याची बेचाळीस भरली. आम्ही माझीच धरली.

लाल काडतुसाचा पहिला गोळा कागदाला लागलाच नाही. दुसराही नाही. मी मागे मोठं पुठ्ठ्याचं खोकं उभं केलं, तेव्हा कळलं की गोळे डावीकडे, तळहातभर बाहेर जात आहेत. पण एकाजवळ एक. म्हणजे बंदूक चांगली होती, हातही चांगला होता. फक्त या काडतुसाची वाट डावी होती. मला खरंच आनंद झाला. चूक एकसारखी असेल तर तिच्यावर उपाय असतो. गणितात नेहमी एकच चूक करणारं पोर लवकर सुधारतं.

"बघ," मी म्हणालो. "आता कागदाच्या मध्यावर नेम धरू नकोस. तळहातभर उजवीकडे धर."

"म्हणजे मुद्दाम चुकवू?"

"मुद्दाम चुकव, म्हणजे लागेल."

"डुक्कर समोर उभं असताना मी त्याच्या बाजूच्या हवेवर नेम धरू?"

"हवेवर कशाला? डुक्कर कागदापेक्षा मोठं असतं. मधोमध धरण्याऐवजी तळहातभर उजवीकडे. नाहीतर बंदूक कारागिराकडे ने, माशी नव्या काडतुसांवर जुळवून घे, आणि ही कटकटच संपव."

"वडिलांनी जुळवलेली माशी हलवू?" त्याने बंदूक माझ्यापासून थोडी लांब धरली.

"मग खालच्या नळीने मार. तिची माशीशी काही तक्रार नाही."

"बारीक गोळी नेच्यांत आणि फांद्यांत भरकटते. जाड गोळा सगळं तोडत सरळ जातो."

"जाड गोळाही भरकटतो. फांदीला लागलं की सगळंच भरकटतं. म्हणून फांदीमधून मारायचंच नसतं, वेंदेलिन. मोकळी जागा दिसेपर्यंत थांबायचं."

त्याने मान डोलावली. मी डोळे मिटले.

आम्ही चार वेळा खाणीत गेलो. पहिल्यांदा तो उजवीकडे धरायला विसरला. दुसऱ्यांदा आठवणीने धरलं, पण उरलेल्या वेळात माझ्याशी वाद घातला. तिसऱ्यांदा पावसाने कागदाचा लगदा झाला. चौथ्यांदा गोळे कागदात बसले, एकामागून एक, आणि वेंदेलिनने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी अशा चेहऱ्यासाठीच आयुष्यभर शाळेत गेलो. 'आलं की मला!' असा तो चेहरा असतो. त्या दिवशी मी त्याला सगळं माफ केलं.

परीक्षेला स्लावोमीर मोजपट्टी घेऊन आला. हेडविका ओर्ताला घेऊन आली आणि दूर खडकावर बसली. वेंदेलिनने तीन गोळे मारले, तिन्ही ताटलीएवढ्या कागदात. स्लावोमीरने दोनदा मोजलं.

"पास," तो म्हणाला. "हेडविका?"

"कागदाला कुत्री फाडायला दात नसतात," हेडविका म्हणाली. पण तिने हात पुढे केला आणि वेंदेलिनने तो हातात घेतला. "मास्तर, हमी तुमची."

"माझी," मी म्हणालो.

हाक्याच्या दिवशी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. जंगलाच्या तोंडाशी आम्ही रांगेत उभे राहिलो, नारिंगी जाकिटं घालून. स्लावोमीरने नियम वाचून दाखवले. शिंग वाजेपर्यंत नाका सोडायचा नाही. हाकेकऱ्यांच्या दिशेने नळी करायची नाही. हाका संपल्याचं शिंग वाजलं की बंदूक तिथल्या तिथे उघडायची, काडतुसं काढायची आणि उघडीच हातावर टाकून यायचं, म्हणजे लांबूनही सगळ्यांना दिसतं. हा शेवटचा नियम आमच्याकडे पोरांनाही पाठ असतो. मिटलेली बंदूक घेऊन माणसांत येणं म्हणजे चिखलाचे बूट घालून देवळात येणं.

"काडतुसं घेतलीस?" मी वेंदेलिनला विचारलं.

"घेतली."

"तळहातभर?"

"उजवीकडे. मास्तर, आता पुरे. मी काय पहिलीत आहे?"

मी त्याच्या शेजारच्या नाक्यावर होतो. मध्ये ओढा आणि थोडी पडलेली बर्चची झाडं. मला तो दिसत होता, खांद्यापासून वर. हाकेकऱ्यांचा आवाज डोंगरावरून खाली येऊ लागला. काठ्या खोडांवर आपटत होत्या, कोणीतरी कोंबड्यासारखं आरवत होतं. मग कुत्र्यांचा आवाज बदलला. वेंदेलिनने बंदूक खांद्याला लावली.

नेच्यांतून डुक्कर निघालं. मोठं, काळं, एकटं. ओढ्याशी येऊन ते क्षणभर थांबलं. पूर्ण बाजू वेंदेलिनकडे, मध्ये एक काडीही नाही, अंतर आमच्या पस्तीस पावलांपेक्षा कमी. तोंड डावीकडे होतं. म्हणजे तळहातभर उजवीकडे धरलं तर नेम फुफ्फुसांच्या मागे पडणार आणि डावीकडे जाणारा लाल गोळा बरोब्बर फुफ्फुसांत. मी मनातल्या मनात फळ्यावर आकृतीसुद्धा काढली.

गोळी सुटली. डुकराने पाठ वाकवली. मग ते वळलं आणि पाय ओढत काट्यांत शिरलं.

मला कळेना. नेम धरला तिथेच गोळा गेला होता. डावीकडे सरकलाच नव्हता.

शिंग वाजलं. जागोजागी खटाखट बंदुका उघडल्याचे आवाज आले. मी ओढा ओलांडून गेलो. वेंदेलिन उभा होता तसाच उभा होता. बंदूक मिटलेली, नळी ओढ्याकाठच्या मातीच्या बांधाकडे.

"बंदूक उघड," मी म्हणालो.

"उघडतो."

"मग उघड ना."

"उघडतोय," तो म्हणाला, आणि त्याने कळ दाबून नळ्या खाली दाबल्या. काही झालं नाही. त्याने गुडघ्याचा आधार घेतला. काही झालं नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि तो जोर लावल्याने झालेला नव्हता.

तोवर स्लावोमीर आला, हेडविका आली, मागून हाकेकरी आले.

"अरे, मिटलेली बंदूक!" कोणीतरी ओरडलं. "उघड ती, म्हाताऱ्या!"

"अडकली आहे," वेंदेलिन म्हणाला.

"कशाने अडकेल? प्लास्टिकची काडतुसं कधी अडकत नाहीत," स्लावोमीर म्हणाला, आणि तिथेच थांबला. सुताराला ओल धरलेलं लाकूड माहीत असतं. फुगलेला ड्रॉवरही माहीत असतो.

मलाही त्याच क्षणी कळलं. कागद ओल धरतो. कागद फुगतो. वरच्या नळीत लाल काडतूस नव्हतंच.

"वेंदेलिन," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "वर काय भरलंस?"

त्याने कोटाच्या खिशावर हात ठेवला.

"वडिलांचं?"

त्याने मान डोलावली.

मला ओरडायचं होतं. शाळेत मी कधी ओरडलो नाही, कारण तिथे छप्पर होतं आणि आवाज घुमला असता. इथे घुमायला काही नव्हतं. तरी तोंडातून नुसता "अरे!" एवढाच शब्द निघाला.

हेडविकाने जमिनीवर वाकून रक्त पाहिलं, बोटांत घेऊन चोळलं, वास घेतला. "पोट. फुफ्फुसांच्या मागे," ती म्हणाली. मग तिने ओर्ताच्या गळ्यात लांब चामडी पट्टा अडकवला. कुत्रीने नाक खाली घातलं आणि मागचा पाय किंचित ओढत चालू लागली. हेडविकाने आपल्याबरोबर एका माणसाला घेतलं. वेंदेलिन पाऊल पुढे टाकणार, इतक्यात ती म्हणाली, "तू नाही. तू ती घेऊन माझ्या मागे येऊ नकोस."

कारण खालच्या नळीत अजून जिवंत गोळी होती. बंदूक उघडत नाही म्हणजे ती काढता येत नाही. बांधात झाडून टाकावी तर जंगलात आवाज होणार, आणि माग काढणाऱ्याला वाटणार आपल्यावरच काही आलं. म्हणून स्लावोमीरने बाकीच्यांना मागे नेलं आणि आम्हा दोघांना तिथेच ठेवलं. बांधाकडे नळी, खटका बंद, चापापासून बोटं लांब. गप्प उभं राहायचं, शिक्षा झालेल्या मुलांसारखं.

काट्यांच्या दिशेने बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"का रे?" अखेर मी विचारलं. "महिनाभर आपण लाल काडतुसं मारली. त्यांच्यावर तू पास झालास. मग?"

"ती सरावाची होती," वेंदेलिन म्हणाला.

"म्हणजे?"

"सरावाला कसलीही चालतात. खऱ्या दिवशी चांगली काढायची. लग्नाला काय तू कामाच्या विजारीत गेला होतास? मला वाटलं, आता मी मारायला शिकलोय, तर आज वडिलांचं एक काढावं. माझा मान म्हणून नाही. त्या डुकराचा मान म्हणून."

"आणि नेम?"

"तळहातभर उजवीकडे," तो म्हणाला. "तूच सांगितलं होतंस. मी विसरलो नाही. या खेपेला मी अजिबात विसरलो नाही, मास्तर."

त्याने ते अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. त्याने माझं प्रत्येक अक्षर पाळलं होतं. जे काडतूस सरळ जातं, नेमकं तेच घेऊन त्याने मुद्दाम चुकवलं होतं. मी शिकवलेलं त्याच्या डोक्यात गेलं होतं, अर्थ मात्र बाहेरच राहिला होता.

"तळहात लाल काडतुसांसाठी होता, वेंदेलिन."

"ते तू पहिल्या दिवशी म्हणाला होतास."

"आणि तू मान डोलावली होतीस."

"मला वाटलं, तळहात बंदुकीचा आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात ओर्ता भुंकली. माग काढतानाचं नाही, समोर जनावर दिसल्यावरचं भुंकणं. मग काटे मोडल्याचा आवाज, मग कुत्रीची एक बारीक किंकाळी. वेंदेलिनने माझी बाही धरली. बोटं इतकी घट्ट होती की मला कोटातून कळत होती.

एक गोळी वाजली. मग हेडविकाचा आवाज, लांबून, कुत्रीशी बोलतानाचा, ज्यात शब्द नसतात.

ती परत आली तेव्हा तिच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते. ओर्ताचा कान थोडा चिरला होता, पण ती शेपटी उंच धरून चालत होती. तिच्या पट्ट्यात स्प्रूसची हिरवी डहाळी खोचलेली होती. हेडविकाने डोक्यावरची टोपी काढली, दुसरी डहाळी तिच्यावर ठेवली आणि टोपी वेंदेलिनपुढे धरली. जनावर ज्याच्या हातून पहिल्यांदा लागलं, त्याला माग काढणाऱ्याने ही डहाळी द्यायची असते.

"ही माझी नाही," वेंदेलिन म्हणाला.

"घे. रीत आहे. मला आवडतं म्हणून देत नाहीये."

त्याने घेतली. टोपीला मात्र लावली नाही, नुसती हातात धरून राहिला. मग आम्ही खालची गोळी बांधात झाडली. बंदूक मात्र मिटलेलीच राहिली.

संध्याकाळी खानावळीत रिवाजाप्रमाणे शिकाऱ्यांचं न्यायालय भरलं. स्लावोमीरने बायकोचा काळा झगा पांघरला होता. दिवसभरातल्या चुका एकेक करून पुढे आल्या. एकाने कोल्हा समजून स्वतःच्याच टोपीवर बंदूक रोखली होती, एकजण नाक्यावर झोपला होता. वेंदेलिनवर मिटलेल्या बंदुकीचा आरोप होता. त्याला बाकावर पालथं घातलं आणि शिकारी सुरीच्या चपट्या पात्याने तीन फटके दिले. लोक पोट धरून हसत होते. वेंदेलिनही हसला, कारण न हसणं रिवाजात बसत नाही. हेडविका हसली नाही. ती टेबलाखालच्या ओर्ताला गुलाशमधलं मांस काढून देत होती.

मग स्लावोमीरने झगा काढून ठेवला. त्याबरोबर हसूही ओसरलं.

"आता खरं बोलू," तो म्हणाला. "ओढ्याच्या वळणावरचा नाका. मास्तर, हमी तुमची होती. तुम्ही सांगा. निष्काळजीपणा होता की अपघात?"

वेंदेलिनने ताटातून मान वर केली. त्याची नजर माझ्यावर होती आणि तिच्यात भीती नव्हती, हेच मला जड गेलं. त्याला खात्री होती. मी त्याचा मेव्हणा होतो, मी त्याचा मास्तर होतो. आणि मी मुलांना नापास करत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी पुन्हा सांगतो, पुन्हा समजावतो, अखेर काहीतरी जमतंच. पण माझ्या वर्गात चुकलेल्या उदाहरणाने कोणाची कूस फाटली नव्हती. मी ओर्ताच्या कानाकडे पाहिलं.

"परीक्षा एका काडतुसावर दिली आणि जंगलात दुसरं नेलं," मी म्हणालो. "न सांगता. मी सकाळी विचारलं होतं तरी. अपघात नाही. नाका याला देऊ नका."

स्लावोमीर काढलेल्या झग्याची घडी घालू लागला.

"तू?" वेंदेलिन म्हणाला.

"मी."

"मी तळहात विसरलो नव्हतो."

"नाही विसरलास. पण नापास आहेस."

त्याने चमचा खाली ठेवला. बराच वेळ तो पावाच्या तुकड्याने ताटातली ग्रेव्ही पुसत राहिला, जिथे ती उरलेलीच नव्हती. मला वाटलं आता उठून जाईल, आणि उद्यापासून माझ्या स्वयंपाकघरात रोज बसेल, न बोलता, ते सगळ्यात वाईट.

"मग नाका कोणाला?" त्याने विचारलं.

"यंदा रिकामा ठेवू," स्लावोमीर म्हणाला.

"रिकामा नका ठेवू. डुकरं तिथूनच येतात. हेडविकाला द्या." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "तिला थांबता येतं."

"मी कुत्रीबरोबर असते, नाक्यावर नसते," हेडविका म्हणाली. मग ओर्ताकडे बघत: "माझ्या भावाला द्या. तो खालच्या नळीनेच मारतो. आणि तू हाकेकऱ्यांत ये. ओर्ताला काट्यांतून बाहेर बोलवायला दुसरा मोठा आवाज हवा आहे. तुझा आहे."

"किती दिवस?"

"ते मास्तरांना विचार."

तो माझ्याकडे वळला.

"माशी लाल काडतुसांवर जुळवून घेईपर्यंत," मी म्हणालो. "कारागिराकडे. त्यानंतर पुन्हा खाणीत. पुन्हा पहिल्यापासून."

"वडिलांची माशी."

"वडिलांची माशी."

मी मान डोलावण्याची वाट पाहत होतो. त्याने मान डोलावली नाही.

"मला अजून नीट कळलेलं नाही," तो चिडून म्हणाला. "बंदूक तीच, हात तोच, नळी तीच. मग काडतूस बदललं की गोळ्याची वाट का बदलते? हे मला नीट सांग. आत्ता. आणि आकृती काढून सांग, नुसतं बोलू नकोस."

मी स्लावोमीरच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली आणि बिअरच्या पेल्याखालचा पुठ्ठा उलटा केला.